फुनाबाशीतलं आमच्या कोपऱ्यावरचं कोन्बिनी: पहिल्या महिन्याचा अनुभव

वसुबारसेच्या सकाळी नारिता विमानतळावर उतरले. दुपारी चारच्या सुमाराला टोकियोजवळच्या फुनाबाशी शहरातल्या खोलीची किल्ली हातात आली आणि पाच वाजायच्या आत अंधार पडला. भिंतीवरचं बटण दाबलं, काहीच झालं नाही. वर पाहिलं तर छताला दिवाच नव्हता, दिवा अडकवायची गोल खाच तेवढी होती. जपानमध्ये भाड्याच्या बऱ्याच खोल्यांत दिवे आणि पडदे भाडेकरूनेच आणायचे असतात, हे पुण्याच्या जपानीच्या वर्गात वर्षभरात कुणाच्या बोलण्यात आलं नव्हतं. गॅसही बंद होता. गॅस कंपनीचा माणूस आपल्या समक्ष येऊन तो चालू करून देतो, आणि आम्हाला मिळालेली वेळ तीन दिवसांनंतरची होती. म्हणजे तीन दिवस चहा नाही, भात नाही, आंघोळीला गरम पाणी नाही.

मला विमानतळावरून घेऊन आलेल्या बाईंनी गादी-पांघरूण कोपऱ्यात ठेवलं, खिडकीपाशी गेल्या आणि रस्त्याच्या टोकाला दिसणाऱ्या उजेडाकडे बोट दाखवलं. "कोमात्तारा, कोन्बिनी," म्हणाल्या. अडचण आली तर कोन्बिनी, म्हणजे रोज लागणारं सगळं ठेवणारं, बहुधा चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान. मग वाकून नमस्कार करून त्या गेल्या.

त्या उजेडाच्या दुकानाबद्दल मी हे लिहितेय. दुकान कुठल्या कंपनीचं ते मुद्दामच सांगत नाही. मी एकाच शाखेबद्दल बोलतेय, आणि ह्या देशात अशी पंचावन्न हजारांहून जास्त दुकानं आहेत. तुम्ही जिथे उतराल तिथून चार पावलांवर ह्यातलं एखादं असणारच. स्टेशनपासून माझ्या खोलीपर्यंत चालत चौदा मिनिटं लागतात, तेवढ्यात तीन लागतात.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं म्हणणं कुठून येतंय ते कळेल. मी औसा तालुक्यातली. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, लातूरच्या एका रुग्णालयात चार वर्षं नोकरी केली. इथे मी परिचारिका म्हणून आलेली नाही, त्यासाठी इथली वेगळी परीक्षा द्यावी लागते. वृद्धाश्रमात आजी-आजोबांची देखभाल करायला, म्हणजे 'काइगो'च्या कामावर, 'तोकुतेइ गिनो' ह्या कुशल कामगारांच्या व्हिसावर आलेय. ह्या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात साधारणपणे पाच वर्षंच राहता येतं आणि घरच्यांना सोबत आणता येत नाही. आमचं घर माळकरी आहे. अण्णांच्या गळ्यात माळ, माझ्याही गळ्यात माळ. मांस, मच्छी, अंडं काही चालत नाही. जपानी येतं ते पुस्तकातलं, आणि पहिला पगार महिनाभर लांब. ज्यांना कंपनी सजवलेलं घर देते, ज्यांच्यासोबत कुटुंब आहे, त्यांना हेच दुकान कदाचित नुसतं महागडं किराणा दुकान वाटेल.

पहिल्या रात्री भूक लागली तेव्हा तिथे गेले. दार आपोआप उघडलं, एक घंटी वाजली आणि आतून आवाज आला, "इराश्शाइमासे!" आत सगळीकडे पांढराशुभ्र उजेड. डावीकडे मासिकं, त्यामागे बाहेर बघत बसायला तीन उंच खुर्च्या, मागच्या भिंतीला दूध आणि थंड बाटल्या, मधल्या ओळीत वही-पेन, पायमोजे, छत्र्या, साबण, आणि समोर भाताच्या त्रिकोणी मुटक्यांची फळी. त्यांना 'ओनिगिरी' म्हणतात. पाकिटांवर चित्रं होती, पण चित्रातल्या लाल गोळ्याला बी म्हणायचं की माशाची अंडी, ते कळेना. एकेक पाकीट उलटून मागची यादी वाचायला लागले. वर्गात शिकलेली अक्षरं ठसठशीत छापलेली असत, इथली मुंगीएवढी.

पंधरा मिनिटं तरी झाली असतील. काउंटरवरची मुलगी बाहेर आली आणि हळूच विचारलं, "दिदी, इंडिया से?"

ती नेपाळची. इथे भाषा शिकायला आलेली, दिवसा वर्गाला जाते आणि संध्याकाळी इथे उभी राहते. विद्यार्थ्यांना आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंतच काम करायची परवानगी असते, त्यामुळे ती रोज दिसत नाही. मी तिला काय चालत नाही ते सांगितलं. तिने फळीच्या अगदी खालून साधं पांढरं पाकीट काढलं. 'शिओ मुसुबी', नुसता मिठाचा भात. यादी तिने बोट ठेवून वाचून दाखवली. मग विचारलं, गरम करून देऊ? वीस सेकंदांत यंत्रातून काढून दिलं.

खोलीवर आले. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता तिथे बसले. बॅगेतून स्टीलचा डबा, आईने बांधून दिलेलं मेतकूट आणि छोट्या बरणीतलं तूप काढलं. दोन मुटके डब्यात मोडले, तूप घातलं, मेतकूट कालवलं. जपानी तांदूळ चिकट असतो, आपल्या आंबेमोहोरापेक्षाही जास्त, त्यामुळे मेतकूट लगेच मुरतं. पहिला घास घेतला आणि रडू आलं. पण पोट भरलं, आणि जमिनीवरच्या गादीवर झोपसुद्धा लागली.

आता शाकाहारी माणसाला सगळ्यात उपयोगी पडेल ते सांगते, कारण हे कळायला मला तीन आठवडे लागले. पाकिटामागे ॲलर्जीची एक चौकट असते. अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा हे असेल तर तिथे लिहावंच लागतं. डुकराचं मांस, कोंबडी, गोमांस आणि जिलेटिन ह्यांची नोंद सक्तीची नसली तरी सरकारने सुचवलेल्या यादीत ती आहेत, आणि बहुतेक कंपन्या ती लिहितात. त्यामुळे घाईत असाल तर आधी ती चौकट बघा, अर्धं काम होतं. पण तिच्यावर विसंबू नका. 'कात्सुओ' नावाचा ट्यूनाच्या कुळातला मासा असतो, तो सुकवून, किसून त्याचं पाणी काढतात. त्या पाण्याला दाशी म्हणतात. आपल्याकडे फोडणी जशी सगळ्यात, तशी इथे दाशी सगळ्यात. आणि कात्सुओ त्या ॲलर्जीच्या यादीतच नाही. म्हणून वरून निर्दोष दिसणारी उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, ओनिगिरीसुद्धा मी यादी वाचून परत ठेवली, तिच्यात कात्सुओचा अर्क होता. गोड टोफूच्या पिशवीत भरलेला भात दिसतो, तोही दाशीत शिजवलेला. दह्याचा मोठा डबा 'पुरेन' म्हणजे साधा घ्यावा, फळांच्या छोट्या कपात बऱ्याचदा जिलेटिन असतं. पावांच्या यादीत 'रादो' शोधा, ती डुकराची चरबी.

हा 'रादो' मला कसा कळला ते सांगते. काउंटरजवळ काचेच्या पेटीत वाफाळलेले गोल पांढरे पाव असतात. एकात लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण असतं, त्याला 'अनमान' म्हणतात, आणि दुसऱ्यात डुकराचा खिमा, तो 'निकुमान'. दिसायला दोन्ही सारखेच. चौथ्या दिवशी मी बोट दाखवून अनमान मागितला, काउंटरवर नवीन मुलगा होता, त्याने कागदात गुंडाळून दिला. बाहेर येऊन मोडला आणि वासानेच हात थांबला. तोंडात गेला नाही, पण माझे हात थरथरायला लागले. परत आत गेले, पाव काउंटरवर ठेवला आणि जपानीत एवढंच म्हणता आलं, "निकु, दामे देसु." मांस चालत नाही. तो मुलगा तीन वेळा वाकला, आतून मालक आले, तेही वाकले, पैसे परत दिले आणि अनमान देऊ लागले. दोन दिवसांनी नेपाळी बहिणीला हे सांगितलं तेव्हा तिने पाकीट आणून दाखवलं. अनमानच्या पिठातही रादो होता. ते वाचून दाखवलं नसतं तर मी हिवाळाभर तो गोड समजून खाल्ला असता. त्या दिवसापासून काचेच्या पेटीतलं काहीही घेत नाही. इथे मांस न खाणारा माणूस भेटणं दुकानाच्या सवयीतच नाही, त्यामुळे त्या मुलावर माझा राग नाही. पण त्या पेटीवर दोन वेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या लावायला काय हरकत आहे?

काउंटरवरची भाषा हा दुसरा धडा. वर्गात आम्ही "दुखतंय का?", "हळूहळू गिळा", "पाय वर घ्या" हे उत्तम शिकलो होतो. कोन्बिनीत पैसे देताना समोरचा माणूस एका दमात चार प्रश्न विचारतो आणि त्यातला एकही माझ्या पुस्तकात नव्हता. पिशवी हवी का? जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात म्हणून हे विचारतात, 'फुकुरो' हा शब्द ऐकू आला की समजायचं. गरम करू का, "आतातामेमासु का". चमचा किंवा काड्या हव्यात का. पॉइंट कार्ड आहे का. पहिले दोन दिवस मी सगळ्याला "हाय", म्हणजे हो, म्हणत होते, म्हणून माझ्याकडे पाच पिशव्या आणि आठ जोड्या काड्या जमल्या.

नको असेल तर "दाइजोबु देसु" म्हणायचं असतं. शब्दशः त्याचा अर्थ 'ठीक आहे', पण काउंटरवर तो 'राहू द्या' असा होतो. हे कळल्यावर मला कामावरही एक गोष्ट उलगडली. मी आजोबांना "दाइजोबु देसु का?" विचारते, ते "दाइजोबु" म्हणतात, आणि मी समजत होते की सगळं ठीक आहे. किती तरी वेळा त्यांना 'राहू दे गं पोरी' म्हणायचं असतं. आता मी पुढे होऊन एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघते.

पैसे हातात द्यायचे नाहीत, समोरच्या छोट्या ताटलीत ठेवायचे किंवा यंत्रात टाकायचे. नाणी ओळखायला सोपी आहेत. पाच आणि पन्नास येनला मध्ये भोक असतं, पाचचं पितळी पिवळं. मागे रांग असली तरी कुणी घाई करत नाही. ह्या बाबतीत दुकानाला मी पैकीच्या पैकी गुण देते. लातूरला मी स्वतः औषधाच्या खिडकीत बसलेय, रांग वाढली की आपला आवाज कसा वाढतो ते मला माहीत आहे. इथे मी एकेक नाणं वाचून मोजत असताना त्या माणसाने दोन्ही हात समोर जोडून शांतपणे वाट पाहिली.

सरकारी कामांत तर ह्या दुकानाचा फारच उपयोग झाला. निवासाचं कार्ड नारितालाच विमानातून उतरल्यावर मिळतं, पण त्यावर पत्ता नसतो. घर ठरल्यापासून चौदा दिवसांच्या आत नगर कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा, मग तो कार्डाच्या मागच्या बाजूला छापून देतात. बँक, फोन, सगळं त्यानंतर. त्या अर्जावर स्वतःचा पत्ता चित्राक्षरांत लिहावा लागतो. मी दुकानातून वही आणि पेन घेतलं, त्या उंच खुर्चीवर बसले आणि 'चिबा-केन, फुनाबाशी-शी', म्हणजे चिबा प्रांत, फुनाबाशी शहर, असं दोन पानं भरून गिरवलं. खुर्चीवर बसून काही खाल्लं तर दहा टक्के कर पडतो, घरी नेलं तर आठ, हा फरक ऑक्टोबर २०१९ पासूनचा. ओनिगिरीवर दोन-तीन येनचा प्रश्न असतो. दिवा नसलेल्या खोलीपेक्षा मला त्या दोन येनांत उजेड आणि टेबल मिळत होतं.

कोपऱ्यातल्या मोठ्या यंत्रावर दहा येनला एक काळी-पांढरी झेरॉक्स निघते, पडद्यावर इंग्रजी निवडता येतं. कार्डाच्या दोन्ही बाजू, पासपोर्ट, कामाचा करार, सगळ्याच्या प्रती मी रात्री साडेनऊला काढल्या. विजेचं पहिलं बिल आलं तेही इथेच भरलं. बिलाची चिठ्ठी द्यायची, ते बारकोडच्या पट्ट्या वाचतात, रोख पैसे घेतात, चिठ्ठीचा एक तुकडा फाडून त्यावर शिक्का मारून परत देतात. ह्यात बोलावं काही लागत नाही. तो शिक्का मारलेला तुकडा माझ्या नावाचा इथला पहिला कागद, मी तो मेतकुटाच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवलाय. ट्रेनचं कार्डही काउंटरवर रोख देऊन भरता येतं, आणि एटीएमवर माझ्या भारतातल्या कार्डावर पैसे निघाले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझी पहिली पूर्ण पाळी होती. संध्याकाळी सुटल्यावर दुकानात गेले आणि साबणाच्या फळीजवळ मेणबत्त्या आणि उदबत्तीसारख्या काड्या दिसल्या. इथले लोक घरातल्या देव्हाऱ्यापुढे आणि पितरांसमोर त्या लावतात म्हणून त्या बहुतेक कोन्बिनीत असतात. त्यांच्या आत बांबूची काडी नसते, नुसताच धुपाचा बारीक दोरा, म्हणून तांदळाच्या वाटीत उभी करावी लागते. तांदूळ नव्हते. मीठ-भाताच्या मुटक्यात खोचली. तोपर्यंत गॅस आला होता, दुधात साखर आटवून नैवेद्य केला. आईला व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "दिवा दक्षिणेकडं करू नकोस." खोलीत दक्षिण कुठली ते मला माहीत नव्हतं, फोनवरच्या होकायंत्रात बघून मेणबत्ती हलवली.

एका रात्रीबद्दल सांगायचंय, त्या रात्रीमुळेच मी हे लिहायला बसले.

आईचं माहेर किल्लारीच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री, तिथली दगड-मातीची माळवदाची घरं बसली. आई तेव्हा सोळा वर्षांची होती. तिची आजी आणि धाकटा भाऊ त्यात गेले. मी त्यानंतर चार वर्षांनी जन्मले, पण आमच्या घरी आजही उशाशी चप्पल आणि बॅटरी ठेवून झोपतात, आणि घराचं दार आतून कुलूप लावून कुणी बंद करत नाही. जपानला यायचं ठरलं तेव्हा आई दुसऱ्या कशालाच घाबरली नाही, फक्त ह्याला.

दुसऱ्या आठवड्यात रात्री अडीचच्या सुमाराला खिडकीची काच थरथरली. मग जमीन हळूच एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली, जणू कुणी गादी ओढली. मी काहीही विचार केला नाही. चप्पल उशाशी होती, ती घातली आणि जिना उतरून रस्त्यावर आले. रस्त्यावर एकही माणूस नव्हता, एकाही घरात दिवा लागला नव्हता. वाटलं, सगळे झोपेत गेले का? फक्त टोकाला ते दुकान होतं. मी पळत गेले.

दार उघडलं, घंटी वाजली, "इराश्शाइमासे." मालक स्वतः होते, साठीच्या पुढचे, पावांची नवी पेटी फळीवर लावत होते. दारूच्या बाटल्या अजून एकमेकींना लागून बारीक वाजत होत्या. मी "जिशिन, जिशिन" म्हणाले. भूकंप. त्यांनी माझ्या पायातल्या चपला आणि पातळ झगा पाहिला, खिशातून फोन काढला आणि पडदा माझ्याकडे वळवला. नकाशावर आमच्या भागावर 'दोन' आकडा होता. इथे धक्का जमिनीवर किती जाणवला ते शून्यापासून सातपर्यंतच्या 'शिंदो' मापात सांगतात. दोन म्हणजे झोपलेल्यांपैकी काहींना जाग येईल एवढा. ते म्हणाले, "नि देसु. दाइजोबु." दोन आहे, ठीक आहे. हा दाइजोबु मात्र पुस्तकातलाच होता.

मला लगेच परत जाता आलं नाही. हिवाळ्यात काउंटरजवळच्या गरम कपाटात बाटल्या ठेवतात, त्यातली चहाची बाटली घेतली. साखर-दूध नसलेला भाजक्या पानांचा चहा, आपल्या चहाशी काही संबंध नाही, पण बाटली दोन्ही हातांत धरता येते. खुर्चीवर बसले. ते पाव लावत राहिले. मध्ये एकदा येऊन त्यांनी हाताने खूण करत सावकाश शब्दांत सांगितलं, की मोठा धक्का असेल तर बाहेर पळू नको, आधी टेबलाखाली, काच आणि कपाटापासून लांब, आणि थांबल्यावर मग शाळेच्या मैदानात. दारावरचं एक चिकटपत्र दाखवलं. मोठ्या आपत्तीत ट्रेन बंद पडल्या तर घरी पायी जाणाऱ्यांना अशा दुकानांत पाणी, शौचालय आणि रस्त्यांची माहिती मिळते. २०१७ मध्ये इथल्या मोठ्या कोन्बिनी साखळ्यांना सरकारने आपत्तीत मदतीची जबाबदारी असलेल्या संस्थांमध्ये धरलं, वीज आणि रेल्वेवाल्यांच्या बरोबरीने. हे मी नंतर, मला विमानतळावरून आणणाऱ्या संस्थेच्या बाईंकडून समजून घेतलं. त्या रात्री मला एवढंच दिसलं की आईच्या गावाला उठवून सांगायला जे माणूस नव्हतं, ते इथे अडीच वाजता पाव लावत उभं होतं.

साडेतीनला खोलीवर गेले. आईला ह्यातलं काहीही सांगितलेलं नाही.

कार्तिकी एकादशीला माझी सकाळी सातची पाळी. वृद्धाश्रमात दुपारी कर्मचाऱ्यांनाही जेवण असतं, ते चालणार नव्हतं. सहाला दुकानात गेले तर काउंटरवरच्या गरम खडीवर भाजलेली रताळी होती. 'याकिइमो'. इबाराकी आणि आमचं चिबा रताळ्यांसाठी नावाजलेलं आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं. वरून जांभळट लाल साल, आत पिवळाधमक गर, आणि इतका गोड की साखरेच्या पाकात मुरवलाय असं वाटावं. त्यात तेल, मीठ, दाशी, काही नाही. यादी वाचायचीही गरज नाही. एक रताळं, एक सुटं केळं आणि दुधाचं छोटं खोकं, सगळं मिळून पाचशे येनच्या आत. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात बसून अण्णा ह्याच वेळी रताळंच खात असतील, हा विचार दिवसभर सोबत होता.

दुपारी विश्रांतीत मी ते सोललं तेव्हा एक्क्याण्णव वर्षांच्या आजी खुर्चीतून बघत होत्या. मी अर्धं पुढे केलं, त्यांनी मान हलवली. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी त्या बारा वर्षांच्या होत्या, तेव्हा महिनोन्‌महिने ह्याच्यावरच दिवस काढले, म्हणाल्या. आता नको. पण वास चांगला आहे, खा तू. माझं खाणं होईपर्यंत त्या माझ्यासमोर बसून होत्या.

उणिवा सांगायच्या तर किंमत पहिली. लिटरभर दूध, केळी, पाव, सगळं स्टेशनजवळच्या सुपरमार्केटपेक्षा महाग. पहिल्या दहा दिवसांत मी इथे जेवढे पैसे घातले तेवढ्यात नंतर तीन आठवडे निघाले. गॅस आला, कुकर आला, की भाजी-दूध-तांदळासाठी सुपरमार्केट गाठा. संध्याकाळी उशिरा गेलात तर तिथे कमी किमतीच्या चिठ्ठ्या लागलेल्या असतात. दुसरं म्हणजे वेष्टणं. एक केळं प्लास्टिकमध्ये, एक रताळं कागदाच्या पिशवीत. आणि हा कचरा पुन्हा आपल्याच खोलीत जमतो, कारण रस्त्यावर कचरापेट्या नाहीत, आणि दुकानातल्या पेटीवर घरचा कचरा टाकू नये असं लिहिलेलं असतं. पहिल्या आठवड्यात मी पिशवी घेऊन त्या पेटीपाशी उभी राहिले होते. नेपाळी बहिणीने मान हलवली आणि मला आमच्या गल्लीतला कुठला कचरा कुठल्या वारी ते कागदावर लिहून दिलं. मंगळवारी आणि शुक्रवारी जळणारा, बाटल्या वेगळ्या.

आणि मालकांचे डोळे. अडीच वाजता पाव लावणारा माणूस सकाळी सात वाजताही काउंटरवर असतो, हे मी तीनदा पाहिलंय. रात्रपाळीला माणसं मिळत नाहीत. ही दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची सक्ती असावी का, ह्यावर २०१९ पासून जपानभर बोललं जातंय, आणि काही दुकानं रात्री बंदही होऊ लागलीत. आमचं बंद झालं तर मला वाईट वाटेल. तरीही त्या माणसाला झोप मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. रात्रपाळीनंतर पाठ कशी धरते ते मला माहीत आहे.

पाचपैकी चार गुण. एक गुण शाकाहारी माणसाच्या यादीसाठी आणि त्या काचेच्या पेटीसाठी कापलाय.

पुण्याच्या वर्गातली माझी एक मैत्रीण, बार्शीची, फेब्रुवारीत ह्याच वृद्धाश्रमात येतेय. तिची खोली माझ्या वरच्या मजल्यावर. छताचा दिवा मी आधीच आणून लावून ठेवणार आहे, संस्थेच्या बाईंना विचारून झालंय. मांस, मासा, कात्सुओ, अंडं, जिलेटिन, रादो ही अक्षरं मी पुठ्ठ्यावर मोठी करून लिहिली आहेत, पर्समध्ये मावतील एवढ्या आकारात. पहिल्या रात्रीसाठी दोन मीठ-भाताच्या ओनिगिरी लागतील. त्यांच्यावर मुदत तारखेसोबत तासानेही छापलेली असते, आणि ती उलटली की काउंटरचं यंत्रच विकू देत नाही, म्हणून त्या आदल्या दिवशी घेऊन ठेवता येणार नाहीत. ती उतरेल त्या दिवशी सकाळी कामावर जाताना घेईन. मेतकूट अजून अर्धा डबा शिल्लक आहे.